की-बोर्डला ढोलाचे बोल शिकवणारा गायक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही लावणीच्या पार्टीत ढोलकी वाजवता. आता की-बोर्ड, बेस गिटार घेऊन स्वतःचं काहीतरी बांधायचं आहे. कुणीतरी सांगितलं, सेनेगालचा यूसू न्दूर ऐका, परंपरेचा आणि जागतिक पॉपचा मेळ त्याच्यासारखा कुणी घातला नाही. तुम्ही त्याचं सगळ्यांत गाजलेलं 'सेव्हन सेकंड्स' ऐकलं. गाणं आवडलं, पण त्यात आफ्रिका सापडली नाही. मग मेळ म्हणतात तो हाच का, आणि ढोलकीला घेऊन असं काही करता येईल का?

तुमचा कान बरोबर आहे. त्या गाण्यात जे ऐकू आलं नाही, ते तिथे फारसं नाहीच. फक्त तुम्ही या घरात मागच्या दाराने शिरलात. मी सव्वीस वर्षं मुंबईच्या स्टुडिओंमध्ये तालवाद्यांचं संयोजन करतो आहे आणि या माणसाच्या रेकॉर्डिंगमधून जे शिकलो ते मला कुठल्याही वर्गात मिळालं नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी 'सेव्हन सेकंड्स'. साल १९९४. यूसूबरोबर नेने चेरी गाते. वोलोफ, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तीन भाषा आहेत. कल्पना साधी आणि सुंदर आहे: नुकतंच जन्मलेलं मूल पहिले सात सेकंद जगातल्या भेदांपासून, भांडणांपासून पूर्ण मोकळं असतं. फ्रान्समध्ये हे गाणं १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. पण त्यातला ताल यंत्रावर रचलेला, संथ, त्या काळच्या युरोपियन पॉपचा आहे. यूसूने तिथे दोनच गोष्टी नेल्या, आपला गळा आणि आपली भाषा. दुसऱ्याच्या अंगणात जाऊन, त्या अंगणाचा मान राखून गायलेलं ते गाणं आहे. ज्या अल्बममध्ये ते आहे, त्या 'द गाइड'मधली बाकीची गाणी ऐका, चित्र लगेच पालटतं.

आता पुढच्या दाराने येऊ. सेनेगालची राजधानी डाकार, आणि तिथली मेदिना नावाची दाट वस्ती. यूसूचा जन्म तिथला, १ ऑक्टोबर १९५९ चा. वडील मेकॅनिक. आईचं घराणं गेवलांचं. गेवल म्हणजे वोलोफ समाजात पिढ्यान्‌पिढ्या गाणं, वादन, वंशावळी सांगणं आणि कौतुक गाणं ज्यांच्याकडे आहे ते लोक. आपल्याकडचे भाट किंवा गोंधळी डोळ्यांपुढे आणलेत तर अंदाज येईल, तंतोतंत तुलना मात्र होणार नाही. वडिलांना मुलाने गाऊ नये असं वाटत होतं. तरी पोरगा वस्तीतल्या मुलांच्या सुंतेच्या सोहळ्यांमध्ये गात होता आणि पंधरा-सोळाव्या वर्षाच्या आसपास डाकारच्या 'मियामी' क्लबमधल्या 'स्टार बँड'मध्ये पोचला.

तेव्हा डाकारच्या क्लबांत क्यूबाचं संगीत चालायचं. १९३० च्या दशकापासून क्यूबन गाण्यांच्या तबकड्या पश्चिम आफ्रिकेत विकल्या जात होत्या आणि लोकांना त्या इतक्या आवडल्या, की तिथले गायक स्पॅनिश शब्द पाठ करून गायचे. अर्थ कळो न कळो, ठेका ओळखीचा होता. गुलाम म्हणून अटलांटिकपार नेलेल्या आफ्रिकन माणसांनीच तो ठेका क्यूबात रुजवला होता, त्यामुळे डाकारकरांना त्यात परकेपण वाटलं नाही. पण गाण्याचे शब्द परके होते आणि गल्लीत, लग्नात, बारशाला जो ढोल वाजायचा तो क्लबच्या स्टेजवर नव्हता.

यूसूच्या पिढीने हे बदललं. १९७९ च्या सुमारास 'एत्वाल द डाकार' आणि १९८१ मध्ये 'सुपर एत्वाल' हे त्याचे बँड उभे राहिले. स्पॅनिशच्या जागी वोलोफ आली. टिंबाले या क्यूबन ड्रमच्या जोडीचं काम आधी तामा आणि मग साबार या तिथल्याच ढोलांकडे गेलं. हे एकट्या यूसूने केलं असं मी म्हणणार नाही. शहरातले आणखी बँड त्याच दिशेला चालले होते. पण सर्वांत लांबवर हे काम त्याने नेलं, आणि त्यासाठी लागणारा गळाही त्याच्याकडे होता. उंच पट्टीत चढून तिथेच आरामात उभा राहणारा, कडा असलेला, अजानच्या वळणाचा आवाज. वीस वाद्यांच्या गर्दीतही तो दबत नाही.

इथे साबारबद्दल नीट सांगायला हवं, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

साबार हा एक ढोल नाही, ढोलांचं अख्खं कुटुंब आहे. एकसंध लाकूड कोरून केलेले, बकऱ्याचं कातडं खुंट्यांनी ताणलेले. उंच, सडपातळ न्देर पुढारपण करतो, म्बंग-म्बंग ठेका धरतो, खर्जाचे ढोल खाली राहतात. वाजवायची पद्धत म्हणजे एका हातात बारीक काठी आणि दुसरा हात उघडा. आपल्याकडे ढोलाला एकीकडे टिपरू आणि दुसरीकडे हात असतो, पण साबारमध्ये काठी आणि तळवा एकाच पानावर पडतात, त्यामुळे एकाच ढोलातून कोरडा कडक आवाज आणि भरीव आवाज अगदी लागोपाठ निघतात. आणि त्याला बोल आहेत! गिन, पाख, जा, र्वान. शिकवणारा तोंडाने म्हणतो, शिकणारा हाताने उत्तर देतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला माझ्या गुरुजींच्या ओसरीवर बसल्यासारखं वाटलं होतं. लांब, रचलेल्या तालवाक्यांना 'बाक' म्हणतात. ही वाक्यं गेवल घराण्यांची ठेव असते, बापाकडून मुलाकडे जाते, जशा आपल्याकडे गती आणि तुकडे घराण्याच्या नावाने ओळखले जातात. साबारचे थोर उस्ताद दूदू न्दियाय रोझ पन्नास-शंभर ढोलकऱ्यांचा ताफा एकट्याच्या इशाऱ्यावर चालवत. त्यांचं एखादं चित्रीकरण मिळालं तर जरूर बघा. एका ठेक्याचं नाव 'चेबुजेन' आहे, म्हणजे सेनेगालचा रोजचा मासे-भात. ज्या समाजात ठेक्याला जेवणाचं नाव मिळतं, तिथे ताल किती आतपर्यंत मुरला असेल!

तामा वेगळा. मध्ये बारीक, दोन्ही टोकांना रुंद असा छोटा ढोल काखेत धरतात आणि वाकड्या काठीने वाजवतात. काखेने दोऱ्या दाबल्या की सूर चढतो, सोडल्या की उतरतो. तुम्ही चौंडकं ऐकलं असेल. तार ताणली-सोडली की ते जसं बोलतं, तसं हे कातडं बोलतं. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली घिस्साही त्याच जातीची. सुपर एत्वालमध्ये तामा वाजवणारा असान त्याम ऐका. गायकाच्या ओळीची शेपटी पकडून तो वाक्य पुरं करतो.

'म्बालाख' हा शब्द मुळात साबारच्या ताफ्यातल्या ठेक्याचा, साथीच्या भागाचा आहे. तेच नाव या नव्या पॉप संगीताला मिळालं. ढोलाच्या ठेक्याचं नाव संपूर्ण संगीतप्रकाराला मिळतं, यातच त्याची बांधणी दिसते. आपल्याकडे, आणि बहुतेक ठिकाणी, 'फ्यूजन' म्हणजे ड्रम मशीन, बेस, कॉर्ड असा तयार सांगाडा आणि वरून दोन मिनिटांसाठी पारंपरिक वाद्याचं तोरण. म्बालाखमध्ये सांगाडाच ढोलाचा आहे आणि आधुनिक वाद्यांनी त्याची भाषा शिकायची असते.

ती कशी शिकली ते ऐकण्यासारखं आहे. सुपर एत्वालचा बेसवादक हबीब फाय की-बोर्डही वाजवायचा. १९८० च्या दशकात डिजिटल सिंथेसायझर आले. त्यातला मारिंबाचा, म्हणजे लाकडी पट्ट्यांवर वाजवायच्या वाद्याचा, आवाज घेऊन म्बालाखच्या की-बोर्डवाल्यांनी लांब कॉर्ड धरून ठेवण्याऐवजी साबारसारखे तुटक, एकमेकांत अडकणारे तुकडे वाजवायला सुरुवात केली. डावा हात एक ढोल, उजवा हात दुसरा. आज म्बालाखमध्ये या की-बोर्डला 'मारिंबा' म्हणूनच ओळखतात. गिटारवादक जिमी म्बाय तारा हाताने दाबून, आवाज आखूड करून असं वाजवायचा, की कधी खालाम वाटावं, म्हणजे तिथलं कातड्याने मढवलेलं छोटं तंतुवाद्य, आणि कधी कोरा, म्हणजे तिथलं मोठं, अनेक तारांचं वाद्य. ड्रमसेटवाला साबारच्या रस्त्यातून बाजूला सरतो, कारण पुढारी तो नाहीच. पुढारी आहे म्बाय द्यै फाय, यूसूचा बालमित्र आणि बँडचा साबारवादक. बेस गिटार सतत चालत नाही, अडखळल्यासारखी मध्येच थांबते. मी ती जागा अनेक वेळा मोजून बघितली आहे. तिथे खर्जाचा ढोल बोलत असतो.

मोजण्यावरून आठवलं. पहिल्यांदा ऐकताना सम सापडणार नाही. घाबरू नका. एकाच वेळी मात्रा चारांतही भागली जाते आणि तिनांतही, आणि हात प्रत्यक्षात या दोन्हींच्या मधल्या कुठल्याशा जागी पडतो. युरोपियन श्रोत्यांची यात फार धांदल उडते. तुम्ही तर दुडक्या चालीवर वाढलेले. दोन-तीनदा ऐकलंत की पाय आपोआप सम शोधतील. पायच म्हणतो, कारण साबार नाचासाठी आहे. बायका गोल करून उभ्या राहतात, एकजण रिंगणात उतरते, आणि न्देरवाला तिच्या पायांकडे, कमरेकडे बघून वाजवतो. ती ज्या क्षणी झटका देऊन थांबणार, त्याच क्षणी त्याचा बाक संपला पाहिजे. लावणीत बाईच्या घुंगरांवर नजर ठेवून ढोलकीवाला तोड वाजवतो. हे मी तुम्हाला काय सांगणार, तुमचं रोजचं काम आहे ते!

माझी एक चूक इथे सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी लोकगीतांच्या एका रिमिक्स अल्बमचं तालसंयोजन माझ्याकडे होतं. आधी यंत्रावर ताल रचला, मग एका अतिशय तयारीच्या ढोलकीवाल्याला हेडफोन लावून त्या टकटकीवर वाजवायला सांगितलं. नंतर संगणकावर त्याचा प्रत्येक ठोका ओढून अगदी रेघेवर बसवला. ऐकायला स्वच्छ झालं आणि मेलं. त्या कलावंताने ऐकून फक्त विचारलं, "हे मी वाजवलंय?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच महिन्यात एका मित्राने यूसूचा 'सेत' हातात ठेवला आणि मला कळलं, मी सगळं उलट्या क्रमाने केलं होतं. ढोलकीचा ठोका रेघेच्या जरा मागे किंवा पुढे पडतो ती तिची चूक नाही, चाल आहे. बाकीच्यांनी तिच्याकडे बघून चालायला हवं होतं.

'सेत' १९९० चा. वोलोफमध्ये 'सेत' म्हणजे स्वच्छ. त्या सुमारास डाकारमधली तरुण पोरं स्वतःहून रस्त्यावर उतरली, कचरा उपसला, गटारं साफ केली, भिंती चित्रांनी भरून टाकल्या. त्या चळवळीचं नाव 'सेत सेताल'. यूसूचं गाणं स्वच्छ मन, स्वच्छ वागणूक आणि स्वच्छ शहर मागत होतं, आणि पोरांनी ते आपलं मानलं. याच अल्बममध्ये 'तोक्सिक' नावाचं गाणं गरीब देशांत आणून टाकल्या जाणाऱ्या विषारी कचऱ्याबद्दल आहे. गाणी छोटी, आटोपशीर, रेडिओच्या मापाची, पण आत साबार पूर्ण ताकदीने चालू. माझ्या मते परंपरा आणि पॉप यांचं वजन इतकं नेमकं त्याच्याही हातून पुन्हा क्वचितच जमलं. त्याच्या सहा वर्षं आधीचा 'इमिग्रे' उलट मोकळाढाकळा आहे, चारच लांबलचक गाणी, परदेशी गेलेल्या सेनेगाली माणसांना हाक मारणारी. तुम्ही सुरुवात 'इमिग्रे'पासून करा, मग 'सेत'.

बाहेरच्या जगात तो कसा गेला, हे थोडक्यात. अमेरिकन गायक पॉल सायमनच्या 'ग्रेसलँड' या अल्बममध्ये तो तालवाद्य वाजवून गेला. ब्रिटिश गायक पीटर गेब्रियलच्या 'सो' या १९८६ च्या अल्बममधल्या 'इन युअर आइज'च्या शेवटी वोलोफमध्ये उसळणारा आवाज त्याचाच. १९८८ मध्ये अॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या मानवी हक्कांसाठीच्या जगदौऱ्यावर तो ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, ट्रेसी चॅपमन आणि गेब्रियल यांच्याबरोबर होता, आणि त्या दौऱ्यातला एक कार्यक्रम ३० सप्टेंबरला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये झाला. म्हणजे हा गळा आपल्या देशात येऊन गेला आहे.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याची घरची व्यवस्था. डाकारमध्ये त्याने स्वतःचा स्टुडिओ उभा केला, 'खिप्पी'. स्वतःचा क्लब चालवला, 'त्योसान', ज्याचा अर्थच परंपरा. वर्षानुवर्षं तो डाकारच्या लोकांसाठी वेगळ्या कॅसेट काढत राहिला, जलद, खरबरीत, ढोलांनी भरलेल्या, आणि बाहेरच्या बाजारासाठी वेगळे अल्बम, संथ आणि घासून-पुसून केलेले. काही गाणी दोन्ही रूपांत सापडतात. ती शेजारी शेजारी ठेवून ऐकणं हा संयोजनाचा उत्तम धडा आहे. मला विचाराल तर जवळजवळ प्रत्येक वेळी डाकारचं रूप सरस आहे. २००० सालच्या 'जोको'मध्ये तर इतके नामवंत पाहुणे आहेत, की यजमान शोधावा लागतो. तरीही ही दुहेरी वाट मला शहाणपणाची वाटते. एकाच गाण्यात सगळ्यांना खूश करायचा हट्ट त्याने धरला नाही आणि घरच्या नाचणाऱ्यांना नाराज केलं नाही. पॅरिसच्या बेर्सी सभागृहात तो 'ग्रां बाल' करायचा तेव्हा तिथली सेनेगाली मंडळी नटूनथटून यायची आणि रात्र रात्र नाचायची. त्या कार्यक्रमांत 'सेव्हन सेकंड्स'ची वाट कुणी बघत नसावं.

परंपरा म्हणजे केवळ ढोल असा समज होऊ नये म्हणून 'इजिप्ट'बद्दल सांगतोच. २००४ चा हा अल्बम. यूसू मुरीद पंथाचा. या सूफी पंथाचे संस्थापक शेख अमादू बाम्बा यांना फ्रेंचांनी १८९५ मध्ये गॅबनला हद्दपार केलं होतं, आणि त्या हद्दपारीच्या स्मरणार्थ दर वर्षी तूबा शहरात लाखो भाविक जमतात. आपल्या वारीचा अनुभव असलेल्या माणसाला त्या गर्दीची कल्पना येईल. 'इजिप्ट'मध्ये यूसूने बाम्बांची आणि सेनेगालच्या इतर सूफी संतांची स्तुती गायली. साथीला कैरोचे फाती सलामा यांचा वाद्यवृंद, म्हणजे व्हायोलिनं आणि ऊद हे अरबी तंतुवाद्य, आणि त्यांच्या जोडीला सेनेगालकडची कोरा आणि लाकडी पट्ट्यांचं बालाफोन. साबारचा गजर नाही, ड्रमसेट नाही. ज्या गोष्टीने नाव कमावलं तीच बाजूला काढून ठेवली. घरी मात्र वादळ उठलं. नाचाच्या गाण्यांचा गायक संतांची नावं घेतो हे अनेकांना रुचलं नाही, कॅसेटला प्रतिसाद मिळेना. पुढे २००५ मध्ये या अल्बमला ग्रॅमी मिळालं आणि डाकारमध्ये त्याचं जंगी स्वागत झालं. मला त्यातलं ग्रॅमी दुय्यम वाटतं. ज्या लोकांसाठी गातो त्यांचा राग पत्करून, त्यांच्याच श्रद्धेचं गाणं त्याने तितक्याच आदराने गायलं, हे मला फार मोठं वाटतं. रात्री दिवे मालवून 'शुक्रान बाम्बा' ऐका.

आता तुमची ढोलकी. करता येईल का विचारलंत, तर हो. पण पहिल्या तीन महिन्यांत संगणक उघडू नका. तुमच्या पार्टीतली एक बांधीव, नाचून पक्की झालेली लावणी निवडा. बेसवाल्याला आणि की-बोर्डवाल्याला समोर बसवा आणि ढोलकीचे बोल तोंडाने म्हणून घ्या. त्यांना अवघड जाईल, कदाचित लाजतीलही. म्हणू द्या. मग की-बोर्डवाल्याला सांगा, कॉर्ड विसर, तुझ्या उजव्या हातात ढोलकीचं शाईचं पान आहे आणि डाव्यात खर्जाचं. आखूड आवाज निवडायला लावा, लाकडावर पडल्यासारखा. बेसवाल्याला विचारा, ढोलकीचा घुमारा कुठे पडतो? तिथे त्याने थांबायचं. हे एवढंच जमायला मला स्वतःला दोन चांगल्या वादकांबरोबर पाच आठवडे लागले होते.

रेकॉर्डिंगला बसाल तेव्हा पहिल्यांदा ढोलकी आणि गाणं एकत्र घ्या, टकटकीशिवाय. टकटक लागणारच असेल तर तुमच्या वाजवण्यावरून ती बनवून घ्या, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हे होतं. ढोलकीला दोन्ही बाजूंना वेगवेगळे माइक लावा आणि तिसरा जरा लांब, समोर. ठोके ओढून रेघेवर बसवायचा मोह इंजिनिअरला होईल, तेव्हा खोलीतच थांबा. आणि शक्य असेल तर नाचणाऱ्या बाईंना रेकॉर्डिंगला बोलवा, घुंगरं बांधून. त्या आवाजाचा माइक नंतर बंद केलात तरी चालेल, पण तुम्ही त्यांच्या पायांकडे बघून वाजवलेलं असेल.

पहिलं पक्कं रेकॉर्डिंग झालं की ते आधी तुमच्या फडातल्या जुन्या ढोलकीवाल्यांना ऐकवा आणि त्यांची मान कुठे हलते, कुठे थांबते ते लिहून ठेवा.